फिलिपाईन्सच्या आदिवासींचं गाणं : कुठून ऐकायला सुरुवात करू?

बोरकूट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी दवाओला, म्हणजे फिलिपाईन्सच्या दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावर मेडिकलला आहे. (हो, इथे आपली मराठी पोरं बरीच आहेत.) ऑगस्टमध्ये इथे कादायावान नावाचा मोठा उत्सव असतो, आसपासच्या अकरा जमातींचे लोक त्यात असतात, मिरवणूक, ढोल, झगमगीत पोशाख सगळं. यंदा एका छोट्या स्टेजवर एक आजी एकट्याच गात होत्या, साथीला काही नाही. मैत्रीण म्हणाली मानोबो जमातीच्या असाव्यात. लोक समोरून फोटो काढून पुढे जात होते. मी थांबले पण खरं सांगू का, मला काही कळेचना, मी गांधर्वच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्यात तरी कुठे सम, कुठे मुखडा असं काही सापडत नव्हतं, तीच चाल फिरून फिरून येत होती आणि तरी सोडून जावंसं वाटत नव्हतं.

यूट्यूबवर शोधलं तर एकतर सिंथेसायझरवाला 'ट्रायबल' फ्युजन मिळतो नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगचे डान्स. तर प्रश्न असे की खरं गाणं कुठे ऐकायला मिळेल, ते ऐकायचं कसं, आणि इथली तरुण पोरं हे शिकतात का की आजींबरोबरच संपणार? जाणकारांनी प्रकाश टाका प्लीज.

पेठेतला_पाहुणा

फिलिपिनो लोक म्हणजे जन्मजात गवई हो! आमच्या जहाजावर निम्मा क्रू तिकडचा होता, रोज रात्री कराओके. कुंदिमान ऐका, फार गोड प्रकार आहे, डोळ्यात पाणी येतं.

घाटवाट

पाहुणे, कुंदिमान गोड आहे यात वाद नाही पण बोरकूट विचारतेय ते हे नव्हे. कुंदिमान हे टागालोग भाषेतलं प्रेमगीत, स्पॅनिश काळात एकोणिसाव्या शतकात वर आलं, गिटार आणि पाश्चात्य हार्मनीवर उभं आहे. ती म्हणतेय ते गाणं अशा लोकांचं आहे ज्यांच्यापर्यंत स्पॅनिश लोक एकतर पोचलेच नाहीत किंवा पोचून मार खाऊन परत आले. उत्तरेला लुझोन बेटावर कॉर्डिलेराचे डोंगर, मिंडोरो आणि पालावानचं जंगल, पनायचा आतला भाग, आणि तुमचं मिंडानाओ.

मी काही वर्षं नोकरीनिमित्त मनिलाला लागून असलेल्या केझॉन सिटीत होतो, घर यूपी दिलिमानच्या (यूपी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपाईन्स) जवळ, त्यामुळे हा नाद लागला. जमेल तसं लिहितो, लांबेल.

आधी "ऐकायचं कसं" याबद्दल. बोरकूट, तुम्ही राग शोधत होतात म्हणून हाताला काही लागलं नाही. यातल्या बऱ्याच गाण्यांत चाल ही वाहतूक आहे, माल शब्दांत आहे. सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे इफुगाओ लोकांचं हुदहुद. इफुगाओ म्हणजे ते डोंगरउतारावरचे भाताचे पायऱ्या पायऱ्यांचे वाफे ज्यांचे, ते लोक. हुदहुदमध्ये सगळ्या ओळींना एकच चाल. एक मुख्य गाणारी असते, बहुतेक वयस्कर बाई, तिला मुनहाव-ए म्हणतात, ती ओळ उचलते, कोणाचं नाव, कोणत्या गावचा, काय करायला निघाला, आणि बाकीच्या बायका ती ओळ तिच्याकडून घेऊन पूर्ण करतात. घेतात म्हणजे अक्षरशः तोंडातून काढून घेतात, तिचा श्वास संपायच्या आत यांचा सुरू झालेला असतो. चाल बदलत नाही म्हणून कंटाळा येईल असं वाटतं, पण दहा मिनिटांनी कान चालीवरून उठतो आणि आवाजांच्या या देवाणघेवाणीवर जाऊन बसतो. तिथून पुढे मजा.

असे दोनशेच्या वर हुदहुद आहेत, एकेकाचे चाळीस भाग, पूर्ण म्हणायचं तर काही दिवस लागतात. गोष्टी वीरांच्या. सगळ्यात गाजलेली अलिगुयोनची. हा बापाच्या वैऱ्याशी लढायला जातो, समोर त्याचा मुलगा पुंबाखायोन येतो, दोघं इतके तोडीस तोड की वर्षानुवर्षं लढाई संपतच नाही, शेवटी एकमेकांच्या कौशल्यावर खूश होऊन तह करतात आणि एकमेकांच्या बहिणींशी लग्न करतात. आणि हे सगळं गातात कधी? भात कापताना, रोपांच्या वेळी शेतात, आणि कोणी मोठं माणूस गेलं की त्याच्या प्रेताजवळ रात्र जागवताना. युनेस्कोने २००१ मध्ये हुदहुदला 'मास्टरपीस' जाहीर केलं, २००८ मध्ये त्यांच्या मुख्य यादीत आलं.

आता अडचण बघा. हुदहुद बायकांच्या हाताने होणाऱ्या कापणीला बांधलेलं आहे. तिथला पारंपरिक तांदूळ तिनावोन, वर्षातून एकदाच येतो, एकेक लोंबी खुडतात, त्याला माणसं लागतात आणि वेळ लागतो. पोरं बागिओ-मनिलाला गेली, कापणीच्या पद्धती बदलल्या, वर कॅथलिक धर्म आला त्यामुळे जुने विधी मागे पडले. गाणं कोणी बंद केलं नाही. ते गायची वेळच येईनाशी झाली.

ऐकायला कुठे मिळेल ते पुढच्या प्रतिसादात, आत्ता मीटिंग आहे.

कोकमसरबत

घाटवाट, शेवटचं वाचून जात्यावरच्या ओव्या आठवल्या. गिरणी आली आणि जातं माळ्यावर गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या म्हणून आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकता तरी येतात.

घाटवाट

अगदी, कामाबरोबर गाणं जाणं हे दोन्हीकडे सेम. पण साम्य तेवढंच हां. ओवी बाई एकटी-दुकटी स्वतःच्या मनातलं बोलते, हुदहुद ही सामूहिक म्हणायची लांबलचक कथा आहे.

आता ऐकायचं कुठे. होसे मासेदा हे नाव लिहून ठेवा. १९१७ चा जन्म, पॅरिसला आल्फ्रेड कोर्तोकडे पियानो शिकलेला माणूस, म्हणजे करिअर सरळ होतं. पण परत येऊन तो खेड्यापाड्यांत टेपरेकॉर्डर घेऊन हिंडायला लागला आणि १९५३ पासून पन्नास वर्षं तो आणि त्याचे विद्यार्थी रेकॉर्ड करत राहिले. आज यूपीच्या सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजीमध्ये १,७६० तासांच्या टेप्स आहेत, ६८ भाषागटांच्या. २००७ मध्ये हा संग्रह युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्डमध्ये गेला. सगळं नेटवर नाही, दिलिमानला जाऊन बसावं लागतं.

घरबसल्या हवं असेल तर फोकवेज लेबलच्या जुन्या रेकॉर्ड्स आहेत, १९५० च्या दशकातली हॅरॉल्ड कॉन्क्लिनने केलेली हानुनूओ लोकांची आणि १९६१ ची मासेदाने केलेली मागिंदानाओ लोकांची. सोबतच्या नोट्स नेटवर फुकट मिळतात, त्या वाचत वाचत ऐका, नुसतं ऐकू नका. आणि अतेनेओ दे मनिला विद्यापीठात निकोल रेवेल या फ्रेंच बाईंनी उभी केलेली महाकाव्यांची आर्काइव्ह आहे, त्यात वेगवेगळ्या जमातींची कथागीतं आवाजासकट आहेत. ही माझी सगळ्यात आवडती.

एक टिप, उत्तर आणि दक्षिण वेगळी ऐका. उत्तरेच्या डोंगरात बहुतेक एका अक्षराला एक सूर, मोकळा आवाज, घोळका. तिथलं सालिदुम्माय नावाचं गाणं ऐकलंत तर पाच सुरांचं असल्यामुळे तुम्हाला मधूनच भूपाचा भास होईल, होऊ द्या पण त्याला भूप म्हणू नका. दक्षिणेला मुस्लिम मारानाओ, मागिंदानाओ, ताउसुग यांच्याकडे ताणलेला आवाज, लांब धरलेले सूर, एका अक्षरावर भरपूर वळणं. तुमच्या कानाला हे जवळचं वाटेल.

अक्षरगण

सुंदर धागा, वाचनखूण साठवली.

मला गाण्यातलं काही कळत नाही, छंदातलं थोडं कळतं म्हणून अंबाहानबद्दल लिहितो. मिंडोरो बेटावर हानुनूओ मांग्यान लोक आहेत, त्यांची ही कविता. ओळीत सात अक्षरं, पाच नाही आठ नाही, सात. शेवट सगळ्या ओळींचा एकाच यमकावर, ओळी कितीही. आपल्याकडे अभंगाची अक्षरं मोजणाऱ्यांना लगेच पटेल हा प्रकार. साथीला वाद्य लागत नाही, चालही फार नाही, म्हणतात असंच म्हणायला हवं, गातात म्हटलं की भलतीच अपेक्षा होते.

विषय बघा, पोरीला पटवायचंय, पाहुणा म्हणून कोणाच्या दारात उभं राहायचंय, निरोप घ्यायचाय, रात्री जेवायला थांबू का विचारायचंय, हे सरळ न बोलता अंबाहानमधून बोलायचं, झाडाचं पक्ष्याचं काहीतरी सांगायचं आणि समोरच्याने ओळखून तशाच सात अक्षरांत उत्तर द्यायचं. उत्तर येत नसेल तर फजिती. आणि हे ते बांबूवर चाकूने कोरतात, स्वतःच्या लिपीत! ही लिपी दूरच्या नात्याने आपल्या ब्राह्मीच्या कुळातली. स्पॅनिश येण्याआधीच्या बाकीच्या बहुतेक लिप्या गेल्या, ही आणि मांग्यानांच्याच बुहिद गटाची, पालावानकडच्या दोन, एवढ्या राहिल्या.

आंतून पोस्त्मा नावाचे डच मिशनरी तिथेच राहिले, तिथलेच झाले, त्यांनी हजारो अंबाहान जमवले. मिशनऱ्यांबद्दल माझी मतं फार चांगली नाहीत पण या माणसाला नमस्कार.

(अवांतर: याच पोस्त्मांनी लागुनाला सापडलेला ताम्रपट वाचला. त्यावर तारीख आहे शके ८२२. होय, आपला शालिवाहन शक. म्हणजे इसवी सन ९००. मी वाचलं तेव्हा उडालोच.)

नाचणी

अवांतराला अवांतर जोडते. बोरकूट, तुझ्या मिंडानाओवरच लानाओ सरोवराकाठी मारानाओ लोक आहेत, त्यांच्याकडे महाराडिया लावाना म्हणून कथा आहे. लावाना म्हणजे आपला रावण, सीतेचं हरण, माकडांची मदत सगळं आहे, फक्त लोक मुसलमान आणि सगळ्यांची नावं बदललेली.

पण त्यांचं मोठं काम म्हणजे दारांगेन. १७ भाग, ७२,००० ओळी. नायक बांतुगान, शूर आणि बायकांच्या बाबतीत जरा सैल. लग्नात रात्र रात्र गातात, गाणारे बाईपुरुष दोन्ही, खास तालीम घेतलेले, आणि भाषा इतकी जुनी की आजच्या मारानाओ पोरांना अर्ध्याचा अर्थ लागत नाही. अरबी वळणाच्या लिपीतल्या जुन्या वह्यांमध्ये काही भाग उतरवलेले आहेत. हेही युनेस्कोच्या यादीत आहे (२००५ ला जाहीर).

आता मारावी शहर, म्हणजे या सगळ्यांचं केंद्र, तिथे २०१७ मध्ये पाच महिने लढाई झाली, शहराचा मधला भाग बेचिराख, लाखो लोक बाहेर. आर्काइव्ह, यादी, मास्टरपीस सगळं ठीक आहे, पण लग्नाचा मांडव घालायला घरच राहिलं नाही तर रात्रभर गाणार कोण आणि ऐकणार कोण? मला म्हणून "जतन" या शब्दाचा थोडा राग येतो. डबीत लोणचं घालतात तसं वाटतं.

पेठेतला_पाहुणा

मग काय रेकॉर्डिंग करूच नये? नाचणीबाई तुम्ही फारच निराशावादी. पोरांनी बीट टाकून केलं तर केलं, निदान ऐकतील तरी.

नाचणी

करू नये असं कुठे म्हटलं, दादा. मी बदलाच्या विरोधात अजिबात नाही. वर सालिदुम्मायचा उल्लेख आला तेच घ्या. १९७० च्या दशकात मार्कोस सरकार उत्तरेच्या डोंगरातल्या चिको नदीवर जागतिक बँकेच्या पैशातून धरणं बांधायला निघालं, कालिंगा आणि बोन्तोक लोकांची गावं, वाफे, पुरलेले पूर्वज सगळं पाण्याखाली जाणार होतं. लोक उभे राहिले, त्यांचे पुढारी माक्लिइंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० ला सैनिकांनी घरात गोळ्या घातल्या, आणि शेवटी धरणं गुंडाळावी लागली. त्या लढ्यात लोक सालिदुम्मायच्याच चालीवर धरणाविरुद्धचे शब्द गात होते. आजही तिकडच्या सभांमध्ये गातात. कोणी 'जतन' केलं नाही तरी चाल टिकली, कारण गरज होती. बीट टाकणारा बाहेरचा असतो, नाव आणि पैसे त्याचे होतात, आजींचं नाव डिस्क्रिप्शनमध्येपण नसतं, राग त्याचा आहे.

घाटवाट

नाचणीशी बऱ्यापैकी सहमत, पण जतनाच्या सरकारी प्रयत्नांना सरसकट लोणचं म्हणणं अन्याय आहे. फिलिपाईन्समध्ये १९९२ चा कायदा आहे, त्याखाली गावाद मान्लिलिखा नांग बायान, थोडक्यात गामाबा हा सन्मान देतात. पद्मश्रीसारखं कागद देऊन घरी पाठवत नाहीत, दरमहा मानधन देतात आणि बदल्यात पुढच्या पिढीला शिकवायची अट असते. पहिल्या तिघांत, १९९३ ला, अंबाहानवाले गिनाव बिलोग होते आणि पालावानचे मासिनो इंताराय, रात्र रात्र महाकाव्य म्हणणारे. २००० मध्ये पनायचे फेदेरिको काबाल्येरो. आणि बोरकूट, तुमच्या कामाचं म्हणजे २०२३ मध्ये त्बोली जमातीच्या गायिका रोझी सुला, तुमच्याच मिंडानाओवरच्या लेक सेबू गावच्या.

त्याशिवाय १९९५ पासून स्कूल ऑफ लिव्हिंग ट्रॅडिशन्स आहेत, गावातच जाणकार माणूस पोरांना शिकवतो. २०२१ मध्ये युनेस्कोने ही पद्धत चांगल्या उपक्रमांच्या यादीत घातली. त्यामुळे "पोरं शिकतात का" याचं उत्तर हो, शिकतात. काय शिकतात ते वेगळं. तीन दिवसांची कथा पाच मिनिटांवर येते, स्पर्धेसाठी सगळ्यांचे हात एकदम वर जातात, एकसारखे कपडे. माझं मत विचाराल तर पाच मिनिटंही चालतील, पण ती शिकवणाऱ्या माणसाला पूर्ण तीन दिवसांचं येत असेपर्यंतच.

कोकमसरबत

पनायचा विषय निघालाच आहे तर एक टोचणारी गोष्ट. तिथल्या पनाय बुकिदनोन लोकांत बिनुकोत म्हणून प्रथा होती. घरातली एखादी मुलगी लहानपणापासून आत ठेवायची, उन्हात नाही, कामाला नाही, परक्याच्या नजरेला नाही. हुंडा (तिकडे मुलाकडचे देतात) मोठा यायचा. या मुली घरात बसून काय करायच्या तर भरतकाम आणि सुगिदानोन, म्हणजे त्यांची महाकाव्यं, आजीकडून पाठ. म्हणून सगळ्यात जास्त ओळी पाठ असणाऱ्या बहुतेक बिनुकोत. काबाल्येरोंनीसुद्धा घरातल्या बायकांकडूनच घेतलं. यूपी विसायासच्या अलिसिया मागोस यांनी वर्षानुवर्षं बसून यांचं लिखाण करून घेतलं, आता खंड छापून येतायत.

आता मुली शाळेत जातात, कोणी बिनुकोत ठेवत नाही, ठेवूही नये. मग ते पाठांतर कसं टिकावं? पोरीला कोंडल्याशिवाय येणार नाही असं गाणं असेल तर मी तरी म्हणेन जाऊ दे गाणं. पण माणसं त्यातूनही वाट काढतायत, मुलगेही शिकतात, वर्गात बसून शिकतात. घरच्या आजीकडून बारा वर्षं ऐकलेलं आणि शनिवारच्या वर्गात शिकलेलं सारखं होणार नाही हे त्यांनाही माहिती आहे, त्यांना आपल्याकडून सांगायची गरज नाही.

अक्षरगण

कोकमसरबत, जबरी प्रतिसाद. हे आपल्याकडच्या कित्येक गायकीलाही लागू आहे पण ते इथे नको, धागा हायजॅक होईल.

बोरकूट

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू. हुदहुद ऐकलं दोनदा, पहिल्यांदा झोपले, दुसऱ्यांदा घाटवाट म्हणाले तसं त्या ओळ हिसकावून घेण्याकडे लक्ष दिलं आणि मग थांबवताच येईना, हॉस्टेलची मुलगी विचारत होती कसला सत्संग लावलायस.

सेमिस्टर संपल्यावर लेक सेबूला जायचं म्हणतेय. फोनवर रेकॉर्ड केलं तर चालतं का? की विचारलं तरी उगीच आगाऊपणा वाटेल?

घाटवाट

विचारायचंच. १९९७ चा आदिवासी हक्कांचा कायदा आहे तिकडे, त्यात जमातीच्या गाण्या-विधींवर जमातीचा हक्क मानलाय, अभ्यासाला जाणाऱ्यांना रीतसर संमती काढावी लागते. तुम्ही संशोधक नाही, पाहुण्या आहात, त्यामुळे कागदपत्रं नाहीत पण शिस्त तीच. आधी ऐका, मग विचारा, आणि काय करणार ते खरं सांगा. स्वतःला ऐकायला हवंय म्हणालात तर बहुतेक जण हो म्हणतात, नेटवर टाकायचं असेल तर वेगळं विचारा. आजारी माणसासाठी किंवा मयताला म्हणायचं गाणं "जरा म्हणून दाखवा ना" असं कोणाला सांगू नका, काही जण नाइलाजाने म्हणतात आणि नंतर त्यांना घरी ऐकून घ्यावं लागतं. गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलून ठेवा. आणि हातात काहीतरी द्या, रोख किंवा तांदूळ-कॉफी, कोणाला काय चालतं ते तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारून.

नाचणी

आणि रेकॉर्डिंगची एक कॉपी त्यांना पाठव गं. ब्लूटूथने तिथेच, नंतर पाठवते म्हटलं की राहतंच.

पेठेतला_पाहुणा

बरं मी पण अंबाहान ऐकलं. कराओकेत चालणार नाही पण आवडलं. दवाओहून जायचं कसं ते तरी सांगा कोणीतरी, आमची लेक यंदा तिकडेच ॲडमिशन घेतेय.

घाटवाट

दवाओ ते जनरल सँटोस बस (सगळे जेनसान म्हणतात), तिथून कोरोनादाल, मग सुराल्ला, सुराल्लाहून लेक सेबूला व्हॅन किंवा हाबाल-हाबाल म्हणजे मोटरसायकल. पहाटे निघालात तर दुपारपर्यंत पोचाल. वर थंड असतं, दवाओच्या कपड्यांत जाऊ नका. त्बोली बायका विणतात ते तिनालाक कापड तिथेच मिळतं, घासाघीस करू नका. जेवायला तिलापिया, दहा प्रकारे करून देतात, शाकाहारी असाल तर डबा न्या.